हत्तीण आडवी झाली तो दिवस

ह्यांच्या हृदयाची झडप खराब झाली आहे, ती बदलावी लागेल आणि आता उशीर करून चालणार नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, शहाण्या माणसासारखी मान डोलावली आणि घरी आल्यावर पाय धुता धुता मला म्हणाले, "हत्तीनं डोक्यावर सोंड ठेवल्याबिगर मी काई त्या टेबलावर झोपत नाई." मी चतुर्थी कधी चुकवली नाही, बाप्पावर माझी श्रद्धा पूर्वीपासूनच आहे. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की देव आपल्याला तारणार आहे की आपल्याच भक्तीत पाय अडकवून पाडणार आहे? ह्यांचा स्वभाव मला माहीत होता. एकदा धरलं की सोडायचं नाही.

ह्या हट्टामागची गोष्ट सांगायला हवी. खामगावात आमचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या खाद्याचं दुकान. पूर्वी साधू लोक हत्ती घेऊन गावोगाव फिरायचे, तेव्हा डाव्या कानाला चीर असलेली एक ठरावीक हत्तीण आमच्या दुकानापुढे हमखास थांबायची. हत्तीण असली तरी सगळा बाजार तिला गणपतीच म्हणायचा, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. हे ढेपेचा मोठा तुकडा तिच्या सोंडेत द्यायचे, डोक्यावरची टोपी काढायचे आणि वाकून उभे राहायचे. साधूने इशारा केला की ती सोंड उचलून ह्यांच्या टाळूवर ठेवायची. आमची लेक झाली ती अशा आशीर्वादानंतर, दुकान वाढलं तेही तसंच. निदान ह्यांचा हिशेब असा होता, आणि चांगलं चाललेलं असताना असल्या हिशेबाला कोण आडवं जातं? मीही कधी गेले नाही.

पुढे हत्ती येणं बंद झालं. आता ऑपरेशनसाठी हत्ती आणायचा कुठून? मी रागावले, रडले, ह्यांच्या मित्रांना बोलावून समजूत काढायला लावली. हे सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावत. इकडे दुकानाच्या पायऱ्या चढतानासुद्धा धाप लागायला लागली होती. शेवटी आमच्या लेकीनं मोबाइलवर शोधाशोध केली. संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हाताऱ्या आणि सोडवून आणलेल्या हत्तींसाठी एक आश्रयस्थान आहे, आणि तिथल्या फोटोत डाव्या कानाला मोठी चीर असलेली एक हत्तीण आहे, असं तिनं दाखवलं. ह्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला. "हेच हाय थे," म्हणाले, आणि मुलासारखे हसले. मला वाटलं, बाप्पानं ऐकलं. मी लगेच मोदक तळायला घेतले.

लेकीनं गाडी काढली. शेगावला बाहेरूनच हात जोडून आम्ही पुढे निघालो. मागच्या सीटवर ढेपेचं पोतं, माझ्या मांडीवर मोदकांचा डबा, ओटीत शेंदूर. लग्नाला निघाल्यासारखा आमचा थाट! फाटकापाशी तिथं देखभाल करणारी एक बाई भेटली. चाळिशीची, साडीवर पुरुषी शर्ट घातलेली, बोलायला गोड. तिनं पोतं पाहिलं, डबा पाहिला आणि हसून म्हणाली, "काका, इथं हात लावाचा नाई, खाऊ बी द्याचा नाई. तिचा चारा ठरलेला हाय. मोदक आमाले द्या, आमी खातो."

ह्यांचा चेहरा उतरला. "मंग आशीर्वाद?"

"थे आता कोणाले आशीर्वाद देत नाई. देजो म्हणून तिले इथं कोणी सांगत नाई."

मी मधे पडले. मला गप्प बसणं जमतच नाही. "अवो बाई, ह्या मानसाचं आपरेशन अडलं हाय. एक डाव सोंड लागू द्या, तुमचं काय जाते?" तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग कुंपणाजवळच्या निंबाखाली खुर्च्या आणून ठेवल्या. "बसा काकू. तिच्या मनात आलं तं येईन जवळ, नाई आलं तं नाई. मी तिले हाकलत नाई आन् बलावत बी नाई." त्या बाईशी भांडावं असं फार वाटलं, पण तिच्या बोलण्यात अरेरावी नव्हती, त्यामुळे भांडणाला हात कुठे घालायचा तेच कळेना.

बऱ्याच वेळानं हत्तीण झाडीतून आली. कानाची चीर तीच. हे धडपडत उठले, टोपी काढली आणि कुंपणाच्या तारेपाशी मान वाकवून उभे राहिले. ती थांबली, लांबूनच सोंड हवेत उचलून वास घेतला, मग खालची माती उचलून स्वतःच्याच पाठीवर उडवली आणि पाठ फिरवून चालू लागली. हे तसेच वाकलेले. खरं सांगते, त्या क्षणी मला बाप्पाचा संताप आला. इतक्या चतुर्थ्या केल्या, आणि माझ्या माणसाला असं उघड्या डोक्यानं ताटकळत ठेवतोस?

ती पाठमोरी चालताना तिचे पाय दिसले. एक पाऊल ती जपून टेकवत होती. बाईनं सांगितलं, की वर्षानुवर्षं डांबरी रस्त्यावर चालून तळवे सोलवटले होते, आता कुठे भरून येत आहेत. हे खुर्चीत बसले. टोपी हातातच. "माह्या डोक्यावर सोंड ठेवाची, तवा तिचे पाय भाजत होते बापा," एवढंच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

मोकळ्या जागेत मातीचा एक मोठा ढीग केलेला होता. हत्तीण त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. ढिगाला अंग टेकवलं, मागचे पाय हळूहळू दुमडले, आणि तो एवढा देह एका कुशीवर अलगद कलंडला. बाईनं माझा हात घट्ट धरला. "काकू, बोलू नोका," ती कुजबुजली. "आली तवापासून उभ्यानंच झोपते. आडवं झालो तं उठता येनार नाई, असं भेव असते त्याईले. मानसापुढं आडवी झालेली म्या पाह्यलीच नव्हती." आम्ही कुणीच हललो नाही. हत्तिणीचा कान एकदा फडफडला आणि मग तिचं पोट संथ वर-खाली होऊ लागलं.

हे तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलेही तेच भेव होतं व. टेबलावर आडवा झालो तं उठतच नाई, असं वाटे. सोंडेचं म्या उगाच लावून धरलं." इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस घाबरलाय, हे मला कळलं नव्हतं. हट्ट तेवढा दिसला होता. मी पदरानं त्यांचे डोळे पुसले. लेक गाडीकडे गेली आणि तिथूनच तिनं डॉक्टरांना फोन लावला. ह्यांनी तिला अडवलं नाही.

हा चमत्कार होता का, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. हत्तिणीला झोप आली आणि ती झोपली, एवढंच झालं हे मलाही समजतं. पण ती आमच्यासमोरच झोपली, त्या दिवशीच झोपली, ह्याबद्दल मी बाप्पाचे उपकार मानते आणि मानत राहणार. आम्ही मागायला गेलो होतो ते त्यानं दिलं नाही. आम्हाला हवं होतं ते दिलं.

ऑपरेशनच्या दिवशी ह्यांना आत नेलं, तेव्हा सवयीनं माझ्या तोंडात नवस आला होता. तो मी गिळला. म्हटलं, माणूस तुझा आहे, तू बघ. एवढं म्हटल्यावर मला बाकावर टेकून बसता आलं. नंतर शुद्धीवर आल्यावर ह्यांनी बारीक आवाजात विचारलं, "थे झोपली असन का व आता?"

"झोपली असन," मी म्हटलं.

"मंग मलेही झोपू दे." त्यांनी डोळे मिटले. कितीतरी महिन्यांपासून हे झोपले की मी त्यांच्या छातीकडे टक लावून बसायची, श्वास चालू आहे ना ते बघत. त्या दिवशी मी खिडकीकडे तोंड केलं, हात जोडले, आणि मलाही डोळा लागला.