जुन्या फोटोतली मान

परळच्या एका डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये मी पंधरा वर्षं टॉर्च धरतोय. डोळ्यांपेक्षा लोकांचे अल्बमच जास्त बघून झालेत, आणि प्रत्येक अल्बममागे एक किस्सा!

त्याचं असं आहे. डोळा फिरवणारी नस जन्मापासून कमजोर असली, तर मान सरळ ठेवून बघताना एकाचं दोन दिसतं. माणूस मान एका बाजूला कलती करून ते जुळवून घेतो. वय झालं की जुळेनासं होतं. म्हणून अचानक दोन दिसायला लागलेल्या पेशंटला आमच्या डॉक्टर मॅडम म्हणतात, "जुने फोटो आणा." मान तेव्हाही कलती असेल तर दुखणं जुनं. सरळ असेल तर मात्र लगेच डोक्याचा एमआरआय.

*

लालबागचे एक मसालेवाले हार घातलेली तसबीर घेऊन आले. "हे वडील. माझा फोटो नाय, पण मी डिट्टो असाच दिसतो!" तरीही मी हार बाजूला करून मान बघितली. सवय!

*

एका मुलीच्या मोबाईलमध्ये सेल्फीच सेल्फी. सगळ्यांत मान कलती! मॅडम खूश.

"ती पोझ आहे हो," मुलगी म्हणाली. शेवटी आधार कार्डावरचा फोटो बघितला.

*

वरळी कोळीवाड्यातले एक नाखवा हसतच आले. "एका होडीच्या दोन दिसतात. श्रीमंत झालो की!"

साखरपुड्याच्या फोटोत त्यांची मान ताठ. मॅडम हसल्या नाहीत. त्याच दुपारी एमआरआय, त्याच आठवड्यात डोक्याचं ऑपरेशन. ते वाचले. पण तेव्हापासून ताठ मानेचा फोटो दिसला की मी आधी एमआरआयचा फॉर्म काढून ठेवतो.

*

भोईवाड्याच्या कांबळेकाकींना जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसायला लागल्या. त्यांची बहीण मेंदूतल्या गाठीने गेलेली. "गाठ आहे का, तेवढं सांगा," एवढंच त्या म्हणत होत्या. सोबत आलेल्या काकांनी लग्नाचा अल्बम उघडला. मी टॉर्च बाजूला ठेवून वाकलो.

पहिल्याच फोटोत पांढऱ्या साडीतली नवरी, मान डावीकडे कलती. पुढच्यात तशीच. त्याच्या पुढच्यातही!

"जन्मापासूनचं आहे," मॅडम म्हणाल्या. "गाठ-बिठ काही नाही." काकी पदर डोळ्यांना लावून रडल्या. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

काका अल्बमकडे बघतच राहिले. "पस्तीस वर्षं मला वाटत होतं, ही लाजतेय!"

"लाजतेय कसली? मान सरळ केली की दोन नवरे दिसायचे!"

छोटंसं ऑपरेशन केलं की पायऱ्या नीट दिसतील, मानही सरळ होईल, असं मॅडमनी सांगितलं. काकी लगेच तयार झाल्या. काकांनी अल्बम पिशवीत घातला, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन मला हळूच म्हणाले, "मान अगदी सरळच होईल का हो?"