खुर्चीतली सारा

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावच्या शर्मिलाला ऑफिसची ओढ लागली होती, हे ऐकून मैत्रिणी हसायच्या. "घरबसल्या पगार मिळतोय आणि हिला बस पकडायचीय!" पण अहो, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली ही बाई. दहा वर्षं घरात काढली, डच शिकली, तेव्हा कुठे अ‍ॅम्स्टरडॅमच्या एका छोट्या बँकेत ग्राहकांचे फोन घ्यायची नोकरी लागली. खिडकीजवळची ती खुर्ची म्हणजे तिचं दुसरं माहेर होतं.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये तिची पन्नाशी होती. तिकडे पन्नाशी गाठलेल्या बाईला 'सारा' म्हणतात आणि तिच्या नावाने बाईएवढी बाहुली सजवतात. नेमका त्याच आठवड्यात कोरोनाने ऑफिसला टाळं लावलं. नवरा जयप्रकाश दमेकरी, त्यामुळे पुढे बाकीचे अधूनमधून जायला लागले तरी ही घरीच. शेजारच्या टेबलावरची योके फोनवर म्हणायची, "लवकर ये गं, कुणीतरी तुझी वाट बघतंय." कोण, ते सांगेल तर शपथ!

बावीसच्या वसंतात एकदाचं सोमवारी जायचं ठरलं. तिथे खाऊ वाढदिवसवाल्यानेच न्यायचा असतो, म्हणून हिने नारळाच्या वड्या थापल्या. आणि शुक्रवारी बँक बुडाली. बुडाली कसली, बुडवली! युद्ध युक्रेनमध्ये, बँकेचे मालक रशियातले. सरकारांनी निर्बंधांचे कायदे केले, शहरातल्या इतर बँकांनी व्यवहार तोडले, कॉम्प्युटर बंद झाले. तिजोरीत पैसा असून दाराला कुलूप. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

आपापलं सामान न्यायला एकेकालाच बोलावलं होतं. शर्मिला वड्यांचा डबा घेऊन गेली. कोर्टाने नेमलेला एक उंच माणूस दारात उभा होता. आत सगळी टेबलं रिकामी. आणि तिच्या खुर्चीत साडी नेसलेली सारा, कपाळाला टिकली, अंगावर दोन वर्षांची धूळ.

"मेल्यांनो, पदर उलट्या खांद्यावर घेतलात की!" असं म्हणत तिने साराच्या अंगावरची धूळ झटकली. तिने पदर नीट केला. तिथे वाढदिवसाला सगळे एकमेकांचंच अभिनंदन करतात. मग ती टेबलाटेबलावर एकेक वडी ठेवत निघाली. "योके, अभिनंदन. विम, अभिनंदन."

"वाढदिवस कुणाचा?" त्या माणसाने विचारलं.

"माझा. दोन वर्षांपूर्वीचा."

त्याने हात पुढे केला. "अभिनंदन."

ज्या हातांसाठी ती झुरली होती, त्यांतला हा नव्हता. तरी तिने तो बराच वेळ सोडला नाही.