न गंजलेली भुकटी

गिऱ्हाइकाने आम्हाला फसवले. माझ्या बहिणीने, मालतीने, लोखंडाच्या चुंबकीय भुकटीला गंज लागू न देणारा लेप शोधला आणि तो त्याने आपला म्हणून बाजारात आणला. आजवर मी सगळ्यांना असेच सांगत आलो. आज पेटंट परीक्षकाचे पत्र आले. लेपाची कृती आमच्या अर्जाआधीच एका प्रदर्शनात जाहीर झाली होती, म्हणून ती नवी धरता येत नाही. जाहीर करणारा मीच होतो. त्या गिऱ्हाइकाने जास्त भाव द्यावा म्हणून स्टॉलवर चारचौघांत सगळी कृती सांगून बसलो.

खिडकीत मालतीने दोन बशा ठेवल्या आहेत. दमट हवेने साधी भुकटी लाल झाली, लेपाची अजून काळीभोर आहे. तो थर डोळ्यांना दिसतही नाही. कष्टाने केलेल्या कुठल्याही गोष्टीवर असा एक थर असावा लागतो, नाहीतर नुसती हवाच तिला खाते. माझ्या तोंडावर तेवढाही नव्हता.

परीक्षकाला झापायला मी फोन उचलला.

"ठेव तो, दादा," पत्र वाचून मालती म्हणाली. "परीक्षकाला वकील उत्तर देतील. मला तू दे."