शालनआत्या आणि बंद पडद्यांचं शेड

शालनआत्या गेली हे मला तात्यांनी फोनवर सांगितलं. तात्या म्हणजे वरकुट्याच्या ज्या पोल्ट्रीवर ती नवऱ्यामागं एकटी राबली, तिचे मालक. "शालन गेली गं," म्हणाले, आणि त्याच दमात, "खोली कधी मोकळी करताय? पिल्लं यायचीत." ...दीड महिना झाला, ते वाक्य कानातून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे, रडायला नाही. आत्याच्या जागी आता दुसरी बाई येणार होती. तिचीही तीच गत होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कळसच्या आमच्या घरात सगळ्यात मोठ्यानं हसणारी. मी चळवळीची पत्रकं वाटत हिंडायचे, तेव्हा गठ्ठ्यातलं एक ओढून म्हणायची, "कुणाला शिव्या दिल्यात ते आधी वाचून दाव." वाचलं की म्हणायची, "लई मऊ लिवलंस." तिला भेटायला शेडवर गेले की पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. पोल्ट्रीच्या शेडला दोन्ही बाजूंना जाळी असते, जाळीवर पडदे. थंडीत पडदा ओढला तरी वरून वीतभर उघडा ठेवायचा, कोंदट हवा तिथूनच बाहेर पडते. तात्यांनी ती वीतही पट्ट्या ठोकून बंद केली. पिल्लांना गारठा नको! मग रात्रभराची वाफ पत्र्याला धरायची, पहाटे टपटपायची, खाली अंथरलेलं भाताचं तूस भिजायचं. त्यात कोंबड्यांची घाण कुजून जो अमोनिया उठायचा, तो आत्या रोज तूस हलवताना छातीत घ्यायची. "डोळं चुरचुरलं की समजायचं, ऊब धरली," असं तात्यांनी तिला शिकवलं होतं. तिनं ते मानलं. आमच्याकडच्या कितीतरी शेडांवर अजून असंच मानतात. चुरचुर कमी झाली की ती उठून पडदा आणखी घट्ट बांधायची... माझी वेडी आत्या.

खोकला धरला तेव्हा मी भांडले. "आत्या, पडदा सोड."

"पिल्लं मेली तर? तात्या बोलत्यात."

"आणि तू मेलीस तर?"

ती हसली, हसता हसता खोकली, आणि खोकता खोकता खाली बसली. शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, विडी ओढायच्या का? तिनं जन्मात विडी हातात धरली नव्हती.

पुण्यानुमोदनाला, आत्याच्या नावानं ठेवलेल्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, तात्या हार घेऊन आले. माईक धरून म्हणाले, "शालन आमच्या घरातलीच हुती." मी बसल्या जागेवरून विचारलं, "घरातली हुती, तर घरात का न्हाय ठेवली तात्या? तुमच्या घराला खिडक्या किती हायेत?" वडिलांनी माझा हात दाबला. तात्या उपरण्यानं कपाळ पुसत बसले, आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

आत्याच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती शेडमध्ये उघडत होती. पिल्लांचा आवाज कळावा म्हणून. मी खोली मोकळी केली, दोनदा धुतली, वास गेला नाही. मग माझंच कुलूप लावलं. तात्या दारात आले.

"किल्ली दे पोरी."

"आधी बाहेरच्या भिंतीला खिडकी पाडा. शेडच्या पट्ट्या काढा."

"खोली माझी हाय."

"मग तुमीच ऱ्हावा की तिच्यात."

त्यांनी पोलिसांचं नाव काढलं. म्हटलं, "बोलवा. त्यास्नीबी आत बसवते."

गेल्या आठवड्यात निरवांगीचं एक जोडपं काम धरायला आलं. शेडमधलं जुनं तूस अजून तसंच होतं. त्या बाईसाठी मात्र मी कुलूप काढलं. ती आत गेली, खिडकीशी वाकली आणि नाकाला पदर लावून बाहेर आली.

"तात्या, हितं माणूस ऱ्हात हुतं व्हय?"

बाई नवऱ्याला म्हणाली, "गाडी वळवा." धूळ खाली बसेपर्यंत मी तात्यांसमोरून हलले नाही.

पिल्लं अजून आलेली नाहीत. तात्या रोज येऊन रिकाम्या शेडपुढं उभे राहतात म्हणे. राहू देत. बाहेरच्या भिंतीला खिडकी पडेल त्या दिवशी किल्ली देईन. माफी तेव्हाही नाही.