गोकुळाबाईने विकत आणलेली मरळ

धरणाच्या काठी मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं आहेत, त्यांतलं एक गोकुळाबाईचं. बाळंतिणीला मरळीचा रस्सा पाजायची त्यांच्यात रीत. आता लेक आचल बाळंत होऊन माहेरी आली होती, अंगात रक्त नव्हतं, आणि जाळ्यात येत होती नुसती चिलापी.

मरळ धरणात सोडलेलं रोहूचं बीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, खाते म्हणून मच्छीमार संस्थेनेच तिला वेचून संपवलं होतं. मग चिलापीची पिल्लं खायला कोणी उरलं नाही, ती माजली. मासे लवकर वाढावेत म्हणून टाकलेल्या शेणखताने पाणी हिरवं पडून वास मारू लागलं.

"भाऊ, एखादी मरळ कुठी दिसली का?" गोकुळाबाईने संस्थेच्या अध्यक्षाला विचारलं.

"बाई, तुह्या मालकानंच तं साऱ्या काढल्या. खाताना गोड लागल्या ना?" तो हसला.

वडसाच्या ज्या बाजारात ती जन्मभर मासळीची टोपली घेऊन विकायला बसली, तिथूनच तिने बर्फाच्या पेटीतली, परमुलखातली मरळ घेतली. ओळखीच्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

आचलने रश्श्याचा घोट घेतला. "आई, याले चवच नाई."

"पिऊन घे," गोकुळाबाई म्हणाली. "तुह्या पोरीले तं हेही भेटनार नाई."