उसाच्या रस्त्यावर पुढे मी

आमच्या वस्तीवरून शाळेत जायला एकच रस्ता होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता. दिंडोरी तालुका म्हटलं की लोकांना द्राक्षबागा आठवतात. बागा आमच्याही होत्या, पण पाटाच्या कडेचा तो टप्पा सगळा उसाचा. मी सातवीत होते त्या वर्षी दिवाळी झाली आणि त्या उसात बिबट्या आला. आधी एक शेळी गेली, मग गोठ्यातलं वासरू गेलं. त्यानंतर मोठी माणसं आमच्या ओट्यावर बसली आणि ठरलं की पोरं एकटीदुकटी जाणार नाहीत. वस्तीवरची अकरा पोरं एका रांगेत जातील. सगळ्यांच्या पुढे एकाने घुंगरं बांधलेली काठी आपटत चालायचं आणि समोर नजर ठेवायची. बाकीच्यांनी पुढच्याच्या पाठीकडे बघत मुकाट्याने चालायचं, उगाच इकडे तिकडे बघून घाबरायचं नाही.

पुढे कोण, हे ठरायला फार वेळ लागला नाही. थोरले चुलते म्हणाले, ही. कारण काय, तर माझी नजर. द्राक्षाच्या घडातले जादा मणी कात्रीने काढून टाकतात, त्याला विरळणी म्हणतात. त्या कामात माझा हात कोणी धरत नसे. बायकांचा एक घड होईतो माझे दोन व्हायचे आणि राहिलेल्या मण्यांना कात्रीचं टोकसुद्धा लागायचं नाही. "हिची नजर लय बारीक हाय," असं चुलते चारचौघांत म्हणाले आणि काठी माझ्या हातात दिली. मला काय, मान ताठ झाली. वेडीच होते.

कारण खरं असं होतं की मला हातभर अंतरावरच्या मण्यावरची पांढरी भुकटीसुद्धा दिसायची, पण वर्गातला फळा दिसायचा नाही. दोन वर्षं मी शेजारणीच्या वहीत बघून उतरवत होते. रस्ता मला दहा-बारा पावलं नीट दिसे. त्यापुढे नुसतं हिरवं, आणि त्याच्यापुढे पांढुरकं काहीतरी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. चष्मा लागला की पोरं ढापणी म्हणून जीव खातात, हे एक. पण ओट्यावरच्या बैठकीनंतर त्याहून मोठं कारण झालं. आई मला आत म्हणाली होती की पुढे चालणारं कुणी नसेल तर पोरी ऊस तुटेपर्यंत घरीच बसतील. पोरी म्हणाली, पोरं नाही. पोरांना कुणीतरी मोटारसायकलवर सोडलं असतं. आमचे वडील ओझरच्या कारखान्यात होते, त्यांची बस आमच्या आधीच निघून जायची. आणि एकदा घरी बसलेली पोरगी परत शाळेत गेली, असं आमच्याकडे फारसं घडत नसे.

म्हणून मी गप्प बसले आणि एक शक्कल काढली.

माझी धाकटी बहीण तेव्हा पहिलीत होती. रांगेत ती माझ्या पाठोपाठ, माझ्या दप्तराचा पट्टा धरून. पुढे काही धूसर दिसलं की मी हळूच विचारायची, ते काय गं? तिने पटकन सांगायचं. दगड. बाई चालली. कुत्रं. मी म्हणायची, "बरोबर!" जणू मी तिची परीक्षाच घेत होते. मग तेच मोठ्याने मागे सांगायचं, कुत्रं हाय रे, चला. पोरगी कधी अडखळायची नाही. विचारलं की उत्तर तयार. मला वाटे, काय डोळे आहेत हिचे! देवाने माझ्या वाटणीचेही हिलाच दिले.

तरी भीती काही जात नव्हती. वाऱ्याने उसाचं वाळकं पाचट वाजलं की माझी काठी धरलेली बोटं ओली व्हायची. मागे दहा लेकरं, त्यातली चार-पाच तर दुधाचे दात पडलेली, आणि सगळी माझ्या भरवशावर. रस्ता संपून शाळेचा पत्रा दिसला, म्हणजे अगदी जवळ गेल्यावर दिसला, की मला रडू फुटायचं बाकी राहायचं. आणि संध्याकाळी तेच परत. दोन महिने मी अशी चालले.

मग तो शनिवार. शनिवारी सकाळची शाळा असायची. पहाटे दव पडलेलं, धुकं नुकतं विरत होतं. पाटाच्या वळणावर, बांधाच्या कडेला, मला काहीतरी तपकिरी आडवं पडलेलं दिसलं. पोतं असेल, माती असेल, काहीही असेल. मी विचारलं, ते काय गं? धाकटी म्हणाली, "कुत्रं." मी म्हटलं बरोबर, आणि मागे ओरडून सांगितलं, कुत्रं झोपलंय, चला.

आम्ही चालत गेलो. घुंगरं वाजत होती. दहा पावलं गेलो असू, तेवढ्यात ते कुत्रं उठलं. उठतच गेलं, लांब झालं. मागून चौथीतली एक मुलगी किंचाळली, बिबट्या! तेव्हा मला शेपूट दिसली. एवढी लांब शेपूट कुत्र्याला नसते हे मला तेव्हा समजलं. मी जागच्या जागी उभी राहिले, कारण पाय हलेनातच. काठी हातातून सुटली. धाकटीने माझ्या पाठीत तोंड खुपसलं. त्याने आमच्याकडे एकदा तोंड वळवलं आणि सावकाश उसात शिरला. पाचट थोडा वेळ हललं आणि थांबलं.

वस्तीवर ही बातमी आमच्या आधी पोचली. आणि काय झालं, तर माझं कौतुक झालं. पोरगी पळाली नाही, लेकरांना पांगू दिलं नाही, किती धीराची! चुलत्यांनी पाठ थोपटली. आईने मला जवळ घेतलं, ती सहसा घेत नसे. कशाचं धाडस आणि कशाचं काय! मी दहा लेकरांना बिबट्याच्या तोंडाशी नेऊन उभं केलं होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. संध्याकाळी मी धाकटीला कोपऱ्यात घेऊन दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. विचारलं, कुत्रं का म्हणालीस? ती रडत म्हणाली, मला कुत्रंच वाटलं. मी म्हटलं, खेळत असशील, लक्ष नसेल. आणि सोमवारी परत तिलाच पाठीशी घेऊन निघाले. दुसरं करणार काय?

त्यानंतर आठवड्याभरात तालुक्याच्या दवाखान्यातून जीप आली, पोरांचे डोळे तपासायला. भिंतीवर तक्ता लावला. त्यावर तीन काड्यांचं चिन्ह, काड्या कोणत्या बाजूला ते बोटांनी दाखवायचं. माझ्या आधीच्या मुलींची बोटं पाहून मला खालची ओळ पाठ करता आली असती. केलीही. पण एक डोळा झाकून उभी राहिले आणि ती शेपूट आठवली. मी म्हटलं, "मला दिसत नाही." डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठली ओळ? मी म्हटलं, पहिल्यापासूनच दिसत नाही.

मला वाटलं होतं सगळा वर्ग हसेल. कुणी हसलं नाही, कारण नंतर नावं वाचली तेव्हा वर्गावर्गातून पोरं उभी राहत गेली. ज्यांना गुरुजी ठोंबे म्हणत ती निम्मी त्यात होती. गुरुजी यादीकडे बघतच राहिले. आमच्या रांगेतली माझ्याशिवाय आणखी तीन निघाली. म्हणजे मी तर आंधळी पुढे चालत होतेच, माझ्या मागेही तेच होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी मला पहिलीच्या वर्गात बोलावलं. धाकटी तक्त्यापुढे उभी होती आणि सगळ्यात मोठ्या चिन्हालाही भलतीकडे बोटं दाखवत होती. बाईंनी तिला दोन पावलं पुढे घेतलं, मग आणखी दोन. मला म्हणाल्या की हिचा नंबर तुझ्याहून बराच जास्त आहे, घरी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

शाळा सुटली. सगळी पोरं फाटकाशी रांग लावून माझी वाट बघत होती, रोजच्यासारखी. मी काठी चौथीतल्या त्या मुलीला दिली. म्हटलं, मला लांबचं दिसत नाही, कधीच दिसत नव्हतं, आजपासून तू पुढे. ती बिचारी भेदरली, पण पुढे झाली. मी धाकटीचा हात धरून सगळ्यांच्या मागे राहिले.

ऊस सुरू झाल्यावर मी तिला विचारलं, रागावून नाही, अगदी हळू. दिसत नव्हतं तर रोज सांगायचीस कशी?

ती म्हणाली, "मी मनाला येईल ते सांगायचे. तू दर वेळी बरोबर म्हणायचीस. मला वाटलं, दिसणं म्हणजे हेच असतं."