कंपनीचा कुकर आणि गावभर मालक

आमच्या गावची हळदीची कंपनी निघाली तेव्हा अध्यक्षांनी पारावर जाहीर केलं, "ज्याचा शेअर, तो मालक!" त्या दिवसापासून गावात मालकच मालक झाले, कामाला माणूस मिळेना. माझा नवराही मालक झाला आणि आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडला.

मग एका सकाळी पोलिसांची गाडी आली. गोदामात नसलेली हळद कागदावर दाखवून अध्यक्षांनी बँकेचं कर्ज उचललं, असा आरोप होता. अध्यक्ष आणि बाकीचे संचालक आदल्या रात्रीच पसार. पोलिसांनी गोदामाला सील ठोकलं आणि शेजारी उभ्या कुकरलाही. वाफेवर हळद शिजवायच्या यंत्राला आमच्याकडे कुकरच म्हणतात.

मालकांना घाम फुटला. कंपनीत घोटाळा म्हणजे मालक आत, असं ज्याने त्याने ठरवून टाकलं आणि दुपारपर्यंत गावातले बाप्ये सोयऱ्यांकडे पांगले. आमचे मालक पुसेगावला बहिणीकडे निघाले. जाताना म्हणाले, "बाईमाणसाला कोणी काही करत न्हाई. तू ऱ्हा बिनघोर."

मी राहिले. पण बिनघोर कसली? माझी हळद काढून शेतात ढिगाने पडलेली, वरून ऊन. दोन-चार दिवसांत शिजली नाही तर वर्षाची मेहनत पाण्यात. दुसऱ्याच्या कुकरसाठी कुरुंद्यापर्यंत फिरले, सगळीकडे नंबर लागलेले.

शेवटी वसमतला एका वकीलबाईंना गाठलं. "आमी मालक, कुकर आमचा. मग देत काहून न्हाईत?" मी तावातावाने विचारलं.

बाई हसल्या. "कंपनी म्हणजे कायद्यात वेगळा माणूस, ताई. कुकर त्याचा. शेअर घेतला म्हणून तो तुमचा होत नाही. घोटाळ्याचंही तसंच. शेअरचे पैसे बुडतील, पण नुसत्या शेअरपायी कोणाला अटक होत नाही. पकडतात ते संचालकांना."

म्हणजे अख्खं गाव उगाच पाहुणचार झोडत होतं! मला हसू आवरेना.

"संचालकाने अर्ज केला तर कोर्ट कुकर सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमी लिहून घेऊन, वापरायला देईल," बाई म्हणाल्या. संचालक पळाले म्हटल्यावर त्यांनी मोबाइलवर कंपनीच्या सरकारी नोंदीतली संचालकांची यादी काढली. मग माझं पूर्ण नाव विचारलं. "एक आहे की. तुम्हीच."

संचालक मंडळावर बाई लागते म्हणून नवऱ्याने मला बसवलं होतं. सही नेली ती अनुदानाचा कागद म्हणून. आमच्याकडे ही रीतच आहे, कागदावर बाई आणि बैठकीला बुवा. असा संताप आला की पुसेगावला जाऊन त्याला बहिणीदेखत झाडावं.

"अर्जावर सही केली तर मला काही माहीत नव्हतं, असं म्हणणं अवघड जाईल," बाईंनी बजावलं. "तुम्हालाही आरोपी करतील."

फोनवर नवरा ओरडत होता, "सही करू नको! जाऊ दे ती हळद!"

जाऊ दे? लावली मी, खुरपली मी, आणि सोडायला हा तयार! केली सही.

कुकर सुटला. माझी हळद शिजली, मग गावाची शिजली. वाफ निघालेली कळताच सगळे मालक एकेक करून परतले. आरोपपत्रात माझं नाव आलं, त्यांच्यापैकी एकाचंही नाही.

आता तारखेला आम्ही दोघं जातो. तो डबा धरून कोर्टाबाहेर बसतो. बिचाऱ्याचा चेहरा पाहून चिडवायचीही सोय राहिलेली नाही. मागच्या तारखेला मी विचारलंच, "माझं नाव टाकताना मला काहून इचारलं न्हाई?"

तो खाली बघत म्हणाला, "तू न्हाई म्हणली असती."

तेवढ्यात शिपायाने पुकारा केला, माझ्या नावापुढे त्याचं नाव लावून. दोघंही उठलो. आत मी एकटी गेले.